‘वॉरंट दाखवा’ म्हणण्याचा हक्क : अमेरिकेतला झडतीचा कायदा आणि खिशातला फोन

मुलीच्या बाळंतपणासाठी न्यूजर्सीला निघालेल्या आईबाबांचे प्रश्न पूर्वी ठरलेले असत. डिंकाचे लाडू कस्टममध्ये अडवतील का, मेतकुटाची पिशवी हातातल्या बॅगेत ठेवावी की मोठ्या, थंडीचे कपडे इथून न्यावेत की तिकडे घ्यावेत. आता त्यांत एक नवा प्रश्न आला आहे : फोनमधलं व्हॉट्सॲप काढून टाकायचं का?

भीती अगदीच हवेतली नाही. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्यांना आपली सोशल मीडिया खाती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवायला सांगितलं. त्याच वर्षी विमानतळावर फोन तपासून परत पाठवलेल्या प्रवाशांच्या बातम्या आल्या. पण अमेरिकन मालिकांमध्ये आपण वर्षानुवर्षं वेगळंच पाहत आलो आहोत. दारात पोलीस उभे, घरमालक शांतपणे विचारतो, ‘वॉरंट आहे का?’, आणि पोलीस चडफडत परत जातात. मग खरं काय?

दोन्ही खरं आहे. एकाच कायद्याची ताकद घराच्या उंबऱ्यावर वेगळी, रस्त्यावर वेगळी आणि विमानतळावर वेगळी आहे. ती कुठं कशामुळं बदलते, हे एकदा कळलं की अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या निम्म्या बातम्या आपोआप उलगडतात.

काकवीपासून सुरुवात

अमेरिकेच्या राज्यघटनेला पहिल्या दहा दुरुस्त्या एकदमच जोडल्या गेल्या, डिसेंबर १७९१ मध्ये. त्या दहांना मिळून हक्कांची सनद म्हणतात. आपला विषय आहे त्यातली चौथी. मूळ इंग्रजीत ती अवघ्या ५४ शब्दांची आहे. आशय असा : लोकांना आपलं शरीर, घर, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांच्या अवाजवी झडती-जप्तीपासून सुरक्षित राहण्याचा हक्क आहे आणि तो मोडता येणार नाही. वॉरंट द्यायचं तर सबळ कारण हवं, ते शपथेवर सांगितलेलं हवं, आणि कुठली जागा तपासायची, कोणाला किंवा काय ताब्यात घ्यायचं, हे त्यात नेमकं लिहिलेलं हवं.

‘नेमकं’ या अटीमागं मोठा राग आहे. स्वातंत्र्याआधी अमेरिकेत इंग्रजांच्या वसाहती होत्या. बॉस्टनचे व्यापारी कॅरिबियन बेटांवरून रम गाळण्यासाठी काकवी आणत आणि जकात चुकवत. तस्करी पकडायला इंग्रज सरकारनं जकात अधिकाऱ्यांना सरसकट वॉरंटं दिली होती. त्यात ना कोणाचं नाव, ना पत्ता, ना कशाचा शोध घ्यायचा याचा उल्लेख. अधिकाऱ्याला वाटेल त्या घरात, वखारीत, तळघरात शिरता येई. ही वॉरंटं राजाच्या हयातीपर्यंत आणि त्यानंतर सहा महिने चालत. १७६० मध्ये दुसरा जॉर्ज वारला, ती नव्यानं काढायची वेळ आली आणि व्यापाऱ्यांनी कोर्टात आव्हान दिलं.

फेब्रुवारी १७६१ मध्ये जेम्स ओटिस नावाच्या वकिलानं बॉस्टनमध्ये या वॉरंटांविरुद्ध काही तास घणाघाती युक्तिवाद केला. खटला तो हरला. पण ऐकायला जॉन ॲडम्स नावाचा पंचविशीतला तरुण वकील बसला होता. पुढं हाच देशाचा दुसरा अध्यक्ष झाला. म्हातारपणी त्यानं लिहून ठेवलं की स्वातंत्र्य नावाचं मूल त्या दिवशी त्या कोर्टात जन्माला आलं. आपण करांवरून झालेलं चहाचं बंड लक्षात ठेवतो. घरात घुसणाऱ्या अधिकाऱ्याबद्दलची चीड त्याच्या एक तप आधीची आहे.

हा हक्क कोणापासून?

इथं बरेच जण फसतात. घटनेतली बंधनं सरकारवर आहेत. केंद्र सरकार, राज्य सरकार, नगरपालिकेचे पोलीस, सरकारी शाळा हे सगळे त्यात येतात. खासगी कंपनीनं कामाच्या लॅपटॉपवर नजर ठेवली, मॉलच्या सुरक्षारक्षकानं पिशवी उघडायला लावली किंवा एखाद्या ॲपनं तुमचे संपर्क उचलून नेले, तर चौथी दुरुस्ती मधे पडत नाही. त्यासाठी दुसरे कायदे असतील किंवा नसतील.

वॉरंट म्हणजे काय, आणि ते कधी लागत नाही

वॉरंट म्हणजे झडतीची न्यायाधीशानं दिलेली लेखी परवानगी. तपास करणारा आणि परवानगी देणारा एकच माणूस असू नये, एवढीच तिच्यामागची अक्कल. पोलिसानं ‘सबळ कारण’ दाखवायचं असतं : या जागी गुन्ह्याचा पुरावा सापडेल असं समंजस माणसाला वाटावं इतपत माहिती. त्याच्याखालची एक पायरी आहे ‘वाजवी संशय’. नुसती शंका पुरत नाही, बोट दाखवता येईल असं काहीतरी हवं, पण सबळ कारणाइतकं नको. या दोन संज्ञा ध्यानात ठेवा, पुढं लागतील.

नियम म्हणावा तर वॉरंटाचा आहे, आणि अपवाद पाहू जाता नियम कुठं उरला असा प्रश्न पडतो. मोटारगाडीला १९२५ पासून सूट आहे. दारूबंदीच्या काळात दारू वाहणारी गाडी न्यायाधीश सापडेपर्यंत पळून जाईल, म्हणून सबळ कारण असलं की वॉरंटाशिवाय गाडी तपासता येते. वाजवी संशयावर रस्त्यात थांबवता येतं, आणि माणसाजवळ शस्त्र असावं असं वाटलं तर अंग चाचपता येतं, हे १९६८ मध्ये ठरलं. अटक केलेल्या माणसाचे खिसे तपासता येतात. आणि सगळ्यांत मोठं भगदाड म्हणजे संमती.

तुम्ही ‘बघा ना, हरकत नाही’ म्हणालात की वॉरंटाचा विषय संपला. तुम्हाला नाही म्हणता येतं, हे तुम्हाला सांगण्याचं बंधन पोलिसावर नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७३ मध्येच सांगून टाकलं आहे. खाकी दिसली की आधी नमस्कार करायची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना हा अपवाद सगळ्यांत जास्त बाधतो, असं माझं मत आहे.

कायद्याला दात कुठून आले

चौथ्या दुरुस्तीत एक गोष्ट लिहिलेलीच नाही. पोलिसांनी ती मोडली तर काय? दंड नाही, शिक्षा नाही, काहीच नाही. तब्बल सव्वाशे वर्षं ती बरीचशी शोभेची होती. १९१४ मध्ये न्यायालयानं सांगितलं की बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा केंद्राच्या कोर्टात चालणार नाही. पण रोजचे खटले राज्यांच्या कोर्टांत चालत आणि तिथं राज्याराज्यांचा आपला आपला कायदा होता. ते बदललं एका बाईच्या हट्टानं.

मे १९५७. ओहायो राज्यातलं क्लीव्हलंड शहर. एका बॉम्बस्फोटातला संशयित डॉलरी मॅप या कृष्णवर्णीय महिलेच्या घरी लपल्याची खबर पोलिसांना लागली. ते दारात आले. तिनं वकिलाला फोन केला आणि वॉरंटाशिवाय आत घेणार नाही म्हणून सांगितलं. काही तासांनी आणखी पोलीस आले आणि दार मोडून आत शिरले. तिनं वॉरंट मागितलं. एकानं एक कागद फडकवला. तिनं तो झडप घालून हिसकला आणि थेट आपल्या कपड्यांत खुपसला. झटापट करून पोलिसांनी तो काढून घेतला, तिला बेड्या घातल्या आणि घर वरपासून खालपर्यंत उपसलं. तळघरातल्या एका ट्रंकेत काही अश्लील पुस्तकं आणि चित्रं मिळाली. बॉम्बस्फोट राहिला बाजूला, शिक्षा झाली ती पुस्तकांबद्दल.

तो कागद खटल्यात कधीच हजर झाला नाही. वॉरंट होतं याचा पुरावा शेवटपर्यंत आला नाही.

जून १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मॅपबाईंच्या बाजूनं निकाल दिला : बेकायदा झडतीतला पुरावा यापुढं देशातल्या कुठल्याच फौजदारी कोर्टात चालणार नाही. त्या दिवसापासून या हक्काला दात आले. मालिकेतला पोलीस दारातून परत जातो तो घटनेवरच्या प्रेमापोटी नव्हे. आत जाऊन काही सापडलं तरी कोर्टात टिकणार नाही, हे त्याला ठाऊक असतं.

ही यंत्रणा नीट पाहून ठेवा, कारण सगळा लेख तिच्यावर उभा आहे. शिक्षा थेट पोलिसाला होत नाही, सरकारचा खटला ढिला होतो. म्हणजे जिथं खटला चालणारच नसतो, तिथं हे दात चावत नाहीत.

मग गुन्हेगार सुटतात, त्याचं काय?

हा आक्षेप नवा नाही. न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो न्यूयॉर्कच्या कोर्टात असताना १९२६ मध्ये म्हणाले होते : हवालदारानं घोळ घातला म्हणून गुन्हेगारानं सुटायचं का? प्रश्न रास्त आहे, आणि मॅप खटल्यातही तीन न्यायाधीश विरोधात होते.

न्यायालयानं नंतर या नियमाची धार स्वतःच बोथट केली. १९८४ मध्ये ठरलं की पोलिसानं प्रामाणिकपणे एखाद्या वॉरंटावर विसंबून झडती घेतली आणि ते वॉरंट नंतर सदोष ठरलं, तरी पुरावा चालेल. हा ‘प्रामाणिक समजुती’चा अपवाद पुढं वाढतच गेला. त्यामुळं आज अनेकदा असं होतं की आरोपी मुद्दा जिंकतो, हक्काचा भंग झाला असं न्यायालय मान्य करतं, आणि आरोपी तुरुंगातच राहतो. कायद्याच्या विद्यार्थ्यांना यात फार मौज वाटते, आरोपीला वाटत नसावी.

घरातून खिशात

५४ शब्दांत घर आहे, कागद आहेत, फोन अर्थातच नाही. १९२८ मध्ये न्यायालयानं तर्क लढवला की पोलिसांनी तारेवरून बोलणं चोरून ऐकलं, पण घरात पाऊल टाकलं नाही, मग झडती कसली? हा विचार ३९ वर्षं टिकला. १९६७ मध्ये कॅट्झ खटला आला. लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक टेलिफोन बूथमधून हा गृहस्थ सट्टा लावत असे, आणि एफबीआयनं बूथच्या बाहेरच्या बाजूनं माइक लावला होता. न्यायालय म्हणालं, चौथी दुरुस्ती जागांचं नाही, माणसांचं रक्षण करते. दार ओढून घेऊन बोलणाऱ्या माणसाला आपलं बोलणं खासगी राहील अशी अपेक्षा असते, आणि ती अपेक्षा समाजालाही रास्त वाटते. तेव्हापासून ‘खासगीपणाची रास्त अपेक्षा’ ही कसोटी झाली.

फोनचा खरा निकाल लागला २०१४ मध्ये, रायली खटल्यात. सॅन डिएगोत गाडीच्या नोंदणीची मुदत संपली म्हणून पोलिसांनी एकाला थांबवलं. परवानाही निलंबित निघाला, गाडी ताब्यात घेतली गेली, तिच्या बॉनेटखाली पिस्तुलं सापडली. अटक झाली, खिशातला फोन काढला गेला, आणि त्यातल्या फोटो-व्हिडिओंवरून एका जुन्या गोळीबाराशी त्याचा धागा जुळवला गेला. सरकारचं म्हणणं सरळ होतं : अटकेनंतर खिसे तपासता येतात, फोन खिशातच होता. १९७३ च्या एका खटल्यात चुरगळलेल्या सिगारेटच्या पाकिटातून हेरॉइन सापडलं होतं आणि ती झडती वैध ठरली होती. फोन म्हणजे आणखी एक पाकीटच की.

नऊच्या नऊ न्यायाधीशांनी नाही म्हटलं. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी लिहिलं की या दोन गोष्टी सारख्या मानणं म्हणजे घोड्यावरची रपेट आणि चंद्रावरचं उड्डाण एकच मानण्यासारखं आहे. पाकिटात मावतं ते मावतं. फोनमध्ये मात्र वर्षानुवर्षांचे फोटो, आजारपणं, बँकेचे व्यवहार, रात्री दोन वाजता गूगलला विचारलेले प्रश्न असं सगळं असतं. घराची झडती घेऊनही जे मिळालं नसतं, ते फोनमध्ये मिळतं. मग अटक केलेल्याच्या फोनचं पोलिसांनी काय करायचं? रॉबर्ट्स यांचं उत्तर : वॉरंट आणा.

एकमतानं आलेला हा निकाल मला गेल्या काही दशकांतल्या सगळ्यांत समंजस निकालांपैकी एक वाटतो. पण तो अटकेबद्दल आहे. विमानतळाबद्दल त्यात काहीही नाही.

वाण्याची वही

विमानतळावर जाण्याआधी एक वळण घ्यावं लागेल, कारण तुमची माहिती फक्त तुमच्या फोनमध्ये नसते.

कोपऱ्यावरच्या वाण्याकडं तुमचं उधारीचं खातं आहे असं धरा. वहीत तुमचा साखर-चहाचा सगळा हिशोब आहे, पण वही वाण्याची. पोलिसांनी ती त्याच्याकडं मागितली तर तुमच्या घराचं दार वाजवायची गरज नाही. अमेरिकन न्यायालयानं नेमकं हेच म्हटलं. १९७६ मध्ये बँकेच्या नोंदींबाबत आणि १९७९ मध्ये फिरवलेल्या फोन नंबरांबाबत. माहिती तुम्ही आपणहून तिसऱ्याच्या हाती दिलीत, आता ती खासगी राहील ही अपेक्षा कशी? याला ‘तिऱ्हाइताचा नियम’ म्हणू.

१९७९ मध्ये हे खपून गेलं. पण आजचा वाणी दुकानात बसून राहत नाही, तो दिवसभर तुमच्या मागं फिरतो. फोन चालू असेल तर जवळच्या टॉवरशी बोलत राहतो आणि कंपनीकडं त्याची नोंद होते. कार्पेंटर खटल्यात सरकारनं वॉरंटाशिवाय एका संशयिताच्या १२७ दिवसांच्या अशा नोंदी मिळवल्या होत्या : १२ हजार ८९८ ठिकाणं, दिवसाला सरासरी शंभरावर. डेट्रॉइटच्या आसपासची दुकानं लुटल्याचा आरोप होता, आणि लुटलेला माल होता मोबाइल फोन. २०१८ मध्ये न्यायालयानं ५ विरुद्ध ४ असा निकाल दिला की इतक्या बारीक मागोव्यासाठी वॉरंट लागेल. कार्पेंटर स्वतः मात्र सुटला नाही. खालच्या अपील कोर्टानं तोच ‘प्रामाणिक समजुती’चा अपवाद लावला आणि शंभर वर्षांहून मोठी शिक्षा कायम राहिली.

आणि वाणीच वही विकायला काढत असेल तर? ॲपवाले तुमचा ठावठिकाणा दलालांना विकतात, दलालांकडून तो कोणीही घेतो, त्यात सरकारी खातीही आहेत. जबरदस्ती नाही, नुसती खरेदी. मग झडती कशी म्हणायची, असा या खात्यांचा पवित्रा. हे रोखणारं विधेयक एप्रिल २०२४ मध्ये प्रतिनिधीगृहात संमत झालं, पण त्याचा कायदा झाला नाही.

विमानतळावर नियम उलटा का?

कारण सीमेवर कुठलाही देश आत येणाऱ्याला तपासतो, आणि अमेरिका पहिल्यापासून तपासत आली आहे. जुलै १७८९ मध्ये, हक्कांची सनद तयार होण्याच्याही आधी, पहिल्या काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, जकात अधिकाऱ्यांना जहाजं वॉरंटाशिवाय तपासण्याचा अधिकार दिला होता. म्हणजे बॉस्टनच्या काकवीवर चिडलेल्याच पिढीनं. घरात घुसणं वेगळं आणि बंदरात तपासणं वेगळं, असं त्यांना वाटत होतं. पुढं न्यायालयानं म्हटलं की सीमेवरची नेहमीची झडती ती सीमेवर आहे एवढ्यानंच वाजवी ठरते. वॉरंट नको, सबळ कारण नको, वाजवी संशयही नको. आंतरराष्ट्रीय विमान जिथं उतरतं तो विमानतळ म्हणजे सीमाच.

हा नियम ट्रंका आणि पेट्यांसाठी झाला. आता तो फोनला लागू करायचा का, यावर अमेरिकेतल्या कोर्टांत एकवाक्यता नाही. बॉस्टनचं अपील कोर्ट २०२१ मध्ये म्हणालं, हातानं फोन चाळायला संशयाचीही गरज नाही. कॅलिफोर्निया ज्याच्या कक्षेत येतं ते अपील कोर्ट यंत्र जोडून केलेल्या सखोल तपासणीसाठी वाजवी संशय मागतं. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावरच्या एका प्रकरणात तिथल्या न्यायाधीशांनी २०२४ मध्ये चक्क वॉरंट हवं असा निकाल दिला, पण त्याही प्रकरणात पुरावा बाद झाला नाही. सर्वोच्च न्यायालयानं रायलीमध्ये जे केलं, ते सीमेवरच्या फोनबाबत अजून केलेलं नाही.

म्हणून सध्या काम चालतं ते सीमाशुल्क खात्याच्या स्वतःच्या धोरणावर. २०१८ च्या धोरणात दोन प्रकार आहेत. साधी तपासणी म्हणजे अधिकारी हातानं फोन चाळतो. सखोल तपासणी म्हणजे यंत्र जोडून माहिती उतरवून घेणं. तिला वाजवी संशय किंवा राष्ट्रीय सुरक्षेचं कारण लागतं, आणि वरिष्ठांची परवानगीही. तपासायचं ते फोनमध्येच साठवलेलं, क्लाउडवरचं नाही. म्हणून फोन आधी एअरप्लेन मोडवर टाकतात. फोन ठेवून घेतला तर सहसा पाच दिवसांपेक्षा जास्त नाही.

पासवर्ड देणार नाही म्हटलं तर? अमेरिकन नागरिकाला देशात यायला मज्जाव करता येत नाही, फार तर फोन ठेवून घेतील. ग्रीन कार्डवाल्यालाही सहजासहजी परत पाठवता येत नाही. टुरिस्ट किंवा विद्यार्थी व्हिसावाल्याला मात्र तिथल्या तिथं प्रवेश नाकारता येतो, आणि त्यावर कोर्टात दाद मागायला जवळजवळ वावच नसतो. मॅप खटल्यातले दात इथं निरुपयोगी आहेत. तुमच्यावर खटला भरायचाच नाही, तर पुरावा बाद होऊन सरकारचं काय बिघडणार?

प्रमाण मात्र लक्षात घ्या. २०२४ च्या आर्थिक वर्षात सीमेवर अशा सुमारे ४७ हजार तपासण्या झाल्या, आणि अमेरिकेत रोज येणाऱ्यांचाच आकडा दहा लाखांच्या आसपास असतो. नातवाला बघायला निघालेल्या आजीचा फोन कोणी उघडण्याची शक्यता नगण्य आहे. घाईघाईनं सगळं पुसून कोरा फोन घेऊन जाणं मात्र कधीकधी जास्त लक्ष वेधून घेतं.

‘आमच्याकडं लपवण्यासारखं काही नाही’ असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन की फोन एकट्याचा नसतो. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी ढकललेलं राजकीय व्यंगचित्र, भाचीनं तिच्या घटस्फोटाबद्दल पाठवलेले कागद, कोणाचे तरी रक्ताचे रिपोर्ट. आणि पर्यटक व्हिसावर आलेली आजी ‘मुलीला चार महिने मदत करेन’ असं लिहून बसली असेल, तर अधिकाऱ्याला त्यात नोकरीचा वास येऊ शकतो.

आम्ही नागरिक नाही, मग हे हक्क आमचे कसे?

अमेरिकेच्या भूमीवर बरेचसे आहेत. १८८६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका चिनी धोबीखान्याच्या मालकानं खटला जिंकला, तो घटनेत ‘नागरिक’ नव्हे तर ‘कोणतीही व्यक्ती’ असा उल्लेख आहे म्हणून. ते वाक्य चौदाव्या दुरुस्तीतलं. चौथ्या दुरुस्तीत ‘लोक’ आहे. १९९० मध्ये न्यायालयानं त्याचा अर्थ लावला की ज्यांचे अमेरिकेशी पुरेसे संबंध जुळले आहेत ते या ‘लोकां’त येतात, परदेशातल्या परक्या माणसाच्या परदेशातल्या घराला मात्र हे कवच नाही. तेव्हा न्यूजर्सीतल्या एडिसनमध्ये एच-वन या नोकरीच्या व्हिसावर दहा वर्षं राहणारा इंजिनिअर दारात वॉरंट मागू शकतो, नागरिक असो वा नसो.

अडचण पुन्हा दातांचीच. १९८४ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ठरलं की देशाबाहेर काढण्याची सुनावणी ही फौजदारी शिक्षा नसून दिवाणी बाब आहे, त्यामुळं बेकायदा झडतीतला पुरावा तिथं सहसा चालतो. अगदीच घोर प्रकार असेल तर गोष्ट वेगळी. आणि ही सुनावणी घेणारे इमिग्रेशन न्यायाधीश स्वतंत्र न्यायव्यवस्थेतले नसतात, ते केंद्राच्या न्याय खात्याचे कर्मचारी असतात.

दारात येणाऱ्या कागदांतही फरक आहे. इमिग्रेशन अधिकारी बहुतेक वेळा ‘प्रशासकीय वॉरंट’ घेऊन येतात. त्यावर सही खात्यातल्याच अधिकाऱ्याची असते, न्यायाधीशाची नाही. असा कागद माणसाला अटक करायला पुरतो, पण घरमालकाच्या संमतीशिवाय घरात शिरायला पुरत नाही, अशी आजवरची प्रस्थापित भूमिका. तीवरही आता वाद पेटला आहे. म्हणून तिकडच्या वकिलांचा सल्ला ठरलेला : दार उघडू नका, कागद दाराखालून सरकवायला सांगा आणि सही कोणाची ते वाचा. रस्त्यावर तर परिस्थिती आणखी पातळ झाली. लॉस एंजेलिसमध्ये केवळ वंश, भाषा, ठिकाण किंवा कामाचा प्रकार पाहून लोकांना थांबवू नये असा खालच्या कोर्टाचा आदेश होता. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली.

भारतात हा हक्क आहे का?

आपल्या घटनाकारांपुढं अमेरिकेची सनद होती, पण चौथ्या दुरुस्तीसारखं कलम आपल्या राज्यघटनेत आलं नाही. १९५४ मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात आठ न्यायाधीशांनी हे बोलूनच दाखवलं : असा हक्क घटनेत ठेवलेला नाही, तो आम्ही ओढूनताणून का आणावा? २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमुखानं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं आणि शर्मा खटल्यातलं ते मत रद्द केलं. तेव्हा हक्क आता आपल्याकडंही आहे.

मॅपचा नियम मात्र नाही. सत्तरच्या दशकात पूरणमल खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की झडती बेकायदा असली तरी तीत मिळालेला पुरावा संबंधित असेल तर चालतो, कायद्यात स्पष्ट मनाई असेल तरच नाही. तो खटला आयकर विभागाच्या धाडीचा होता. नव्या आयकर कायद्यात, २०२५ च्या, धाडीच्या वेळी ईमेल, सोशल मीडिया आणि क्लाउडवरची खाती उघडण्याचा, पासवर्ड दिला नाही तर तो ओलांडून आत जाण्याचाही अधिकार अधिकाऱ्यांना दिला आहे. त्या धाडीची परवानगी देतो तो आयकर खात्यातलाच वरिष्ठ अधिकारी, न्यायाधीश नव्हे.